२४०झीच्या खालचे रेल: जुन्यावर टोपी घालू की कापून काढू?

गॅरेजातला_गणू (शिकागोजवळ)

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागणारे, चहा घेऊन बसा.

गेल्या ऑक्टोबरात १९७२ ची डॅटसन २४०झी घेतली. (इथं झी म्हणतात, आपल्याकडं झेड म्हणतील, त्यावरनं भांडण नको.) मी सांगलीत वाढलो, लहानपणी फियाट आणि अँबॅसिडर सोडून तिसरी गाडी दिसली की पोरं मागं पळायची, त्यामुळं डॅटसन वगैरे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. इथं आल्यावर ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकाची केशरी झी बघितली, ते लांबलचक नाक आणि मागं उतरत गेलेलं छप्पर, आणि तेव्हा डोक्यात जो किडा शिरला तो अकरा वर्षांनी आता माझ्या गॅरेजात उभाय. इंजिन एक नंबर, एल२४, एका ओळीत सहा सिलेंडर, दोन कार्ब्युरेटर, थंडीतसुद्धा दुसऱ्या चावीला चालू. विकणारे आजोबा म्हणाले, खाली थोडासा वरवरचा गंज आहे.

थोडासा.

पहिल्यांदा पुढून उचलायला गेलो, जॅक रेलखाली (तळाखालची लांब पन्हाळ, पुढं सांगतो) लावला, कारण तिथं आधी कुणीतरी लावल्याच्या खुणा होत्या, म्हटलं हीच जागा असणार. गाडी वर जायच्या ऐवजी रेलच वर गेला. मिरगुंड मोडल्यासारखा आवाज. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली शिरलो आणि उजव्या बाजूला जिथं टोचीन तिथं आरपार. उजव्या बाजूला का, तर बॅटरी त्याच बाजूला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) लागून, आणि पन्नास वर्षं तिचं ॲसिड ठिबकत ठिबकत खाली गेलंय. वर शिकागोकडचं हिवाळ्यातलं मीठ. डावीकडचा रेल वाजवला तर टणक वाटतो पण जॅक लावून लावून चपटा झालाय, निम्मी उंची राहिलीये.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी: हिला जीपसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. खाली तळाच्या पत्र्याला दोन यू आकाराच्या पन्हाळी स्पॉट वेल्ड केल्यात (टिकली-टिकलीनं चिकटवल्यात), त्यालाच सगळे फ्रेम रेल म्हणतात. पत्रा मिलिमीटरच्या आसपास. पुढं इंजिनाच्या बाजूच्या रेलला जोडलेत आणि मागं सीटखाली कुठंतरी विरून जातात, मागच्या सस्पेन्शनपर्यंत पोचतच नाहीत.

आता बाजारात तयार जाड रेल मिळतात, जुन्यापेक्षा किंचित मोठे, म्हणजे जुन्यावर टोपीसारखे बसतात आणि मागंपर्यंत लांब जातात. मी इथल्याच एका पत्र्याच्या दुकानातनं २ मिमीचे वाकवून घेतलेत. तळावरचं डांबर ड्राय आइस टाकून काढलं (हे काम मात्र मजेचं आहे, गार झालं की हातोडीच्या टिचकीनं पापडासारखं उडतं), खाली उजव्या पायाशी तळहाताएवढं भोक निघालं, बाकी तळ बरा आहे.

मशीन घरच्या १२० व्होल्टवर चालणारं मिग (आपोआप वायर सोडणारं वेल्डिंग) आहे, गॅसच्या बाटलीसकट. शिक्षण म्हणाल तर कम्युनिटी कॉलेजात एक सेमिस्टर संध्याकाळचा क्लास. टेबलावर ठेवून बरं जमतं, उताणं पडून वर बघत कधी केलेलं नाही.

तर विचारायचंय की जुन्या रेलवर टोपी घालून मोकळा होऊ का जुना कापून नवीन लावू, आणि भोकं पाडून प्लग वेल्ड (भोकातनं वितळलेलं लोखंड भरून जोड) करू की कडेनं सलग शिवण मारू? गाडी कशावर ठेवायची हेही सांगा. बायको म्हणतीये एखाद्या गॅरेजला देऊन टाक. गॅरेजनं सांगितलेला आकडा तिला अजून सांगितलेला नाही.

पुणेकर_८००

एवढा विचार कशाला करताय राव. वरून लावून टाका. माझ्या मारुती ८०० ला आमच्या नाक्यावरच्या वेल्डरनं अर्ध्या तासात खाली पत्रा मारून दिला, लांबी (पुट्टी) भरली, वर डांबर फासलं, विकेपर्यंत काहीही झालं नाही.

उद्यमनगरचा_उस्ताद (कोल्हापूर)

विकेपर्यंत. बरोबर बोललात.

गणूभाऊ, तुमची गाडी मी कधी बघितली नाही आणि बघायचा योगबी नाही, पण पत्रा हितला काय आन् तितला काय, जळायचा तो सारखाच जळतोय. मी २६ वर्षं हेच करतोय, उसाच्या ट्रॉल्या, बसची बॉडी, मधी चार-पाच जुन्या जीपा आणि एक स्टँडर्ड हेराल्ड. ते मिग म्हणताय त्याला आमच्याकडं सीओटू म्हणतात, तेवढंच.

पहिलं उजव्या बाजूचं. जो पत्रा स्क्रूड्रायव्हरला दाद देत नाही त्याच्यावर टोपी घालून काय उपयोग? आत गंज तसाच, वरनं नवीन पत्रा, दोघांच्या मधी पाणी. म्हंजी तुम्ही गंजाला घर बांधून दिलं. कापा. सलग नका फाडू, स्पॉटची एकेक टिकली शोधा, वायर ब्रश मारला की गोल गोल दिसत्यात, स्पॉट वेल्ड कटरनं फक्त वरचा पत्रा तोडा, तळाला भोक पाडू नका. मग छिन्नी घालून उचकटा. वेळ जातो, पण तळ शाबूत राहतो.

दुसरं, आणि हे नीट वाचा. सगळे जण काय करत्यात, नवीन रेलच्या पट्टीला भोकं पाडत्यात आणि खाली उताणं पडून तळाला वेल्ड करत्यात. म्हंजी जाड पत्र्याच्या भोकातनं पातळ पत्र्यावर आर्क. पातळ पत्रा जळून खलास, आणि वितळलेलं लोखंड तुमच्या छातीवर. उलटं करा. रेल खालनं जागेवर दाबून धरा, आणि भोकं गाडीच्या आतनं, तळाच्या पत्र्याला पाडा, ८ मिमीची. आता तुम्ही सीट काढून आत बसणार, वरनं खाली वेल्ड मारणार, आर्क थेट खालच्या जाड पत्र्यावर पडणार, तो ताप सोसतोय, पातळ पत्रा फक्त कडेनं वितळून त्याच्यात मिसळतोय. लोखंडबी आपसूक भोकात उतरतंय. तुम्हाला उताणं वेल्डिंग येत नाही म्हणालात, करायचंच नाही. फक्त सीटच्या ब्रॅकेटखाली हात पोचणार नाही, तेवढी पाच-सहा भोकं खालनं मारावी लागतील.

पट्टी आणि तळ यांच्या मधी फट नको. बोटाचं नख शिरलं तरी नको. मधनं मधनं सेल्फ स्क्रू मारून आवळून घ्या, वेल्ड झालं की स्क्रू काढा आणि ते भोकबी भरून टाका.

वायर ०.६ ची घाला, ०.८ नं पातळ पत्र्यावर नवशिक्याचा हात बसत नाही. गॅस ७५-२५ वाला आर्गन मिक्स असेल तर चांगलंच, आमच्याकडं निम्मे लोक नुसत्या सीओटूवर मारत्यात, त्यात ठिणग्या फार. आवाज ऐका. भजी तळल्यासारखा एकसारखा आला तर बरोबर, फट् फट् फट् आला तर वायरचा स्पीड बघा. आणि गॅरेजचं दार उघडं टाकून, पंखा लावून बसू नका, गॅस उडून जातोय आणि वेल्ड अनारशासारखं जाळीदार होतंय. दिसायला छान, कामाचं नाही.

एका जागी पाच टाके सलग नको. एक पुढं, एक मागं, एक मधी, हात लावून बघा, गरम असलं तर थांबा. मी पूर्वी तेवढ्यात एक बिडी ओढायचो, आता सोडली, तुम्ही चहा घ्या. ओलं फडकं मात्र मारू नका, आमच्याकडची पोरं घाईत मारत्यात आणि मग पत्रा डबडबीत होतो.

पत्र्याची जाडी गेजच्या नंबरात बोलू नका कुणाशी. तुमच्या तिथला १४ गेज १.९ भरतो, आमचा एसडब्ल्यूजीचा (ब्रिटिश मापाचा) १४ गेज २.०३ मिमी. तुम्ही २ मिमी सांगितलं ते चांगलं केलं.

स्पॉटवाली (चाकण)

उस्ताद, तळाला भोकं पाडायची आयडिया जबरदस्त आहे, आमच्याकडे रोबोट असल्यामुळे असा विचार करायची वेळच येत नाही 😀

मी एका कार प्लांटमध्ये बॉडी शॉपला आहे, नऊ वर्षं झाली. गणू, तुम्ही सगळं लक्ष रेलच्या जाडीवर ठेवलंय असं वाटतंय, तर एक काडेपेटी घ्या. आतला ड्रॉवर बाहेर काढा आणि दोन्ही टोकं धरून पिळा. सहज पिळला जातो ना? आता तो कव्हरमध्ये सरकवा आणि पिळून बघा. पुठ्ठा तोच, जाडी तीच, पण आता चारी बाजूंनी बंद पेटी झाली. तुमचा यू रेल म्हणजे तो ड्रॉवर. त्याची चौथी बाजू तळाचा पत्रा आहे. म्हणजे तळ जर सडलेला असेल किंवा पट्टी नीट चिकटलेली नसेल तर खाली २ मिमी काय आणि ५ मिमी काय, ड्रॉवर तो ड्रॉवरच. म्हणून आधी ते तळहाताएवढं भोक, मग रेल. तिथे पॅच मारताना चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, भोकाच्या कडेला कडा जुळवून नाही.

डाव्या बाजूबद्दल. चपटा झालाय पण टणक आहे म्हणता, तर चपटा होणं हेच मोठं नुकसान आहे. पत्र्याची जाडी दुप्पट केली तर ताठपणा साधारण दुप्पट होतो, पण पेटीची उंची दुप्पट केली तर चौपटीच्या वर जातो. उलटं पण तेवढंच खरं, उंची निम्मी झाली की चौथाई पण शिल्लक राहत नाही. आणि चपटा झाला म्हणजे तो बाजूला पसरला असणार, तुमची टोपी त्याच्यावर बसणारच नाही, बसली तर फट राहील.

नवीन रेल मागे जिथे संपतो तिथे सरळ काटकोनात कापून सोडू नका. जाड रेल आणि लगेच पुढे १ मिमीचा तळ, असं अचानक बदललं की सगळा ताण त्या रेषेवर येतो आणि काही वर्षांनी बरोबर तिथेच तळाला चीर पडते. टोक तिरकं कापा, निमुळतं होत जाऊ दे, शेवटच्या इंचावर आडवी शिवण नको. पुढच्या बाजूला इंजिनाच्या रेलवर चांगलं चार बोटं तरी चढवून जोडा, फायरवॉलच्या वाकापाशीच जोड आणू नका, सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो.

प्लग की शिवण विचारलंत. पट्ट्यांना प्लग, ३५-४० मिमी अंतरावर. सलग शिवण मारली तर एवढ्या लांबीत तळ नक्की वाकणार. फक्त पुढचा जोड आणि तळाचा पॅच यांना सलग, तेही तुकड्या-तुकड्यानं.

आणि गाडीला हात लावायच्या आधी त्याच जाडीचे दोन तुकडे घेऊन प्लग मारून बघा, मग शिकंज्यात धरून छिन्नी-हातोडीनं उचकटा. आमच्याकडे पण छिन्नी घालून तपासतात, एवढे रोबोट असून. प्लगनं पत्र्याचा लचका तोडून घेतला तर वेल्ड पक्का. गुळगुळीत बटणासारखा सुटून आला तर तो नुसता वर बसला होता, आत गेलाच नव्हता.

एक फार महत्त्वाचं. पत्रा साफ करायला ब्रेक क्लीनर वापरणार असाल तर डबा वाचा. क्लोरिनवाला असेल तर तो वेल्डिंगच्या आसपास सुद्धा नको, आर्कच्या उष्णतेनं आणि अल्ट्राव्हायोलेटनं त्यातून फॉस्जीन तयार होतो, पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला तोच. ॲसिटोन घ्या, पुसा, पूर्ण वाळू द्या, डबा गॅरेजच्या बाहेर ठेवा.

बर्मिंगहॅमचा_बंड्या

आलो. जखमेवर मीठ चोळायला.

गणूशेठ, गाडी कशावर ठेवायची हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला, मी विचारलाच नव्हता. माझी १९७१ ची एमजीबी रोडस्टर, वर छप्पर नाही, म्हणजे दाराखालचे सिल हाच काय तो आधार. ते सिल आतून तीन थरांचे असतात, तिन्ही गेलेले. मी हुशारीनं गाडी चार घोड्यांवर (जॅक स्टँडवर) चढवली, घोड्या साधारण मध्याकडे लावल्या म्हणजे मला पाय पसरून बसायला जागा मिळेल, आणि डावा सिल कापला. कापताना शेवटच्या दोन इंचाला ब्लेड एकदम दाबल्यासारखं अडकलं. मला वाटलं ब्लेड बोथट झालं. बदललं. परत अडकलं. ते ब्लेड का अडकतंय हा विचार माझ्या डोक्यात आला नाही, कारण मी मूर्ख.

गाडी दुमडत होती. दोन दिवस खपून सुंदर वेल्डिंग केलं, फोटो काढून ग्रुपवर टाकले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग दार लावायला गेलो तर वरच्या कोपऱ्यात ४ मिमी कमी. दार लागेना. आणि आता ते वाकडेपण मी स्वतःच्या हातानं पक्कं वेल्ड करून ठेवलेलं. सगळं परत कापलं.

म्हणून सांगतो. तुमच्या गाडीला छप्पर आहे, माझ्याएवढी वाईट गत होणार नाही, पण गाडी चाकांवर किंवा सस्पेन्शनखाली आधार देऊन ठेवा, म्हणजे वजन जिथं रोज पडतं तिथंच पडेल. दाराच्या चौकटीत आडवी-तिरपी नळी टाके मारून बसवा. एका वेळी एकच बाजू, ती पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात नाही. आणि कापायच्या आधी मापं. दाराची फट तीन-चार जागी, खालचे कर्ण, दोन्ही बाजूंचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर). लिहून ठेवा, डोक्यात नको.

प्लग-शिवण वादात एक भर: इथं एमओटीला (गाडीची दरवर्षीची सरकारी तपासणी) भार पेलणाऱ्या जागी पॅच असेल तर कडेनं सलग शिवणच लागते, टाके टाके दिसले की नापास. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना २०१८ पासून सक्ती नाही, तरी मी दरवर्षी करून घेतो, दुसऱ्याच्या डोळ्यांनी खालून बघून झालेलं बरं. त्यामुळं तळाच्या पॅचबद्दल चाकणवाल्या ताईंशी सहमत.

आणि आग. हसू नका. आतलं कार्पेट, सीट, फोम, ते डांबर, सगळं बाहेर. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडा. पेट्रोलची नळी खालनंच जाते, ती कुठून जाते ते आधी बघा. माझ्याकडं वेल्डिंग संपवून, जेवून, अर्ध्या-पाऊण तासानं परत आलो तर सिलच्या आत धुमसत होतं. एक माणूस नुसता बघायला बसवा.

गॅरेजातला_गणू

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, उस्ताद तुम्हाला दंडवत, ते आतनं भोकं पाडायचं वाचून मी रात्री अकराला गॅरेजात जाऊन सीट काढून बघितली, हात पोचतोय.

दोन शंका. माप घ्यायला गॅरेजची जमीन सपाट नाही, दाराकडं उतार आहे पाण्यासाठी. आणि रेलच्या आतल्या बाजूला वेल्डिंगनंतर रंग कसा पोचवायचा?

उद्यमनगरचा_उस्ताद

जमीन वाकडी असली तर असूं दे. गवंडी काय करतो? ओळंबा घ्या, गाडीखालच्या ठरलेल्या बोल्टपासनं सोडा, टोक जिथं टेकंल तिथं जमिनीवर खडूनं फुली. डावी-उजवी अशा सात-आठ फुल्या झाल्या की फुलीपासनं फुलीपर्यंत सुतळीनं कर्ण मोजा. उंचीसाठी पाण्याची नळी, आरपार दिसणारी, दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत राहतं, त्याच्याशी तुलना करा. शंभर रुपयात होतंय, लेझर बिझर काय नको.

रंगाचं असं, की जिथं वेल्ड पडणार तिथं दोन्ही पत्र्यांना झिंकचा प्रायमर पातळ मारा, पण भोकाच्या आतली जागा घासून लखलखीत करा, नाहीतर आर्क थुंकतोय. त्या धुरात तोंड घालू नका, झिंकच्या धुरानं रात्री थंडीताप भरतोय, आमच्याकडं जीआयच्या (झिंक चढवलेल्या) पत्र्यावर काम केलेल्या पोरांना ईचारा. बाकी आत पोकळीत वेल्डिंगच्या आधी काय लावू नका, जळून जातंय. सगळं झालं, गार झालं की मग लांब नळीच्या स्प्रेनं आत मेण मारा, भरपूर, खालनं गळंस्तवर. आणि मागचं तोंड पूर्ण बंद करू नका, पाणी जायला वाट ठेवा. पन्नास वर्षांपूर्वी ज्यानं बनवली त्यानंबी ठेवली होती.

पुणेकर_८००

उस्ताद माझी ८०० पण तुमच्याकडे आणली असती.

उद्यमनगरचा_उस्ताद

विकली न्हवं? आता काळजी त्या घेणाऱ्यानं करायची.

गॅरेजातला_गणू (दहा आठवड्यांनंतर)

धागा वर काढतोय, झालं काम.

आधी तुकड्यांवर प्रयोग केला. सहा प्लग मारले, दिसायला देखणे, छिन्नी घातली तर चार शेंगदाण्याच्या सालीसारखे सुटून आले. चाकणच्या ताई, हे तुम्ही सांगितलं नसतं तर ते चारच्या चार गाडीखाली असते आणि मी फोटो टाकून टाळ्या घेतल्या असत्या. चूक अशी होती की मी भोकाच्या कडेपासून सुरुवात करत होतो. मध्यभागी खालच्या जाड पत्र्यावर आर्क धरून, तो वितळून चकाकतोय हे दिसल्यावर मग गोल फिरवत कडेला आणलं की पक्कं बसतंय. तिसऱ्या दिवशी सलग दहा तुकडे लचक्यासकट निघाले तेव्हा गाडीला हात लावला.

ओळंबा इथल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाला, काउंटरवरच्या पोरानं विचारलं हे कशाला, मी म्हटलं गाडीला, तो काही बोलला नाही. नऊ फुल्या मारल्या. व्हीलबेस कागदावर २३०५ मिमी आहे, माझा डावीकडं २३०४ आला आणि उजवीकडं २३०१. म्हणजे उजवी बाजू आधीच थोडी बसलेली होती. दाराच्या चौकटीत नळी बसवताना छोट्या स्क्रू-जॅकनं हळूहळू ताणून २३०३ पर्यंत आणली, त्याच्यापुढं छपरातनं कुरकुर ऐकू आली म्हणून थांबलो. चूक की बरोबर देव जाणे.

उजवा रेल काढायला चार संध्याकाळी गेल्या, टिकल्या मोजल्या नाहीत पण कटर दोन संपले. तळाचा पॅच तळहाताएवढा सुरू झाला आणि चांगला पत्रा सापडेपर्यंत पोळपाटाएवढा झाला. बंड्याशेठचं ऐकून तो सलग शिवला, दोन-दोन सेंटिमीटर, अख्खा शनिवार.

डाव्या रेलचं मन होईना कापायचं. टणक होता, वाजवला की ठणठणीत. दोन दिवस पकडीनं ओढून, आतनं लोखंडी पहार घालून सरळ करायचा प्रयत्न केला, टोपी काही बसेना. शेवटी कापला. उचकटल्यावर आतनं दोन ओंजळी लाल भुकटी आणि अक्रोडाची टरफलं निघाली, खारीची असणार, सीटखालच्या उघड्या तोंडातनं आत आणून साठवलेली. बाहेरनं ठणठणीत वाजणारा पत्रा आतल्या बाजूनं कोपऱ्यात नखानं निघत होता.

बायकोला आग बघायला बसवलं होतं, एका हातात फायर एक्स्टिंग्विशर, दुसऱ्या हातात मोबाईलवर मालिका. एकदाच उठली, पण वेळेवर उठली, फायरवॉलच्या पलीकडं बोनेटखाली एका वायरीची टेप पेटली होती, मला आत बसून दिसायचं कारण नव्हतं. गॅरेजचा आकडा आता तिला सांगितलाय. ती म्हणाली मग मला त्यातले निम्मे दे.

सीटच्या ब्रॅकेटखालची सहा भोकं उताणं पडून मारली. पाचव्याला एक ठिणगी कानात गेली. कानात गेलेल्या ठिणगीचा जो आवाज येतो तो बाहेर कुणाला ऐकू येत नाही, फक्त आपल्याला येतो, चर्रर्र. सहावं भोक कापसाचे बोळे घालून.

मागची टोकं तिरकी कापलीत, पुढं चार बोटं चढवलंय. सीम सीलर, एपॉक्सी प्रायमर, आतनं मेण, गळंस्तवर. काल जॅक लावून पुढून उचलली, पुढचं चाक सुटतंय त्याबरोबर त्याच बाजूचं मागचं पण हलकं व्हायला लागलं. आधी असं व्हायचं नाही.

आता बॅटरीचा ट्रे राहिलाय, तो पण गेलाय.

उद्यमनगरचा_उस्ताद

ट्रेचा फोटो टाका. आन् टोपी कानावरनं घालत जावा की, मी सांगायचं इसरलो. आमच्याकडं निम्म्या पोरांच्या पायात चप्पल असती, त्यांला काय शिकवायचं.

स्पॉटवाली

२३०३ ला थांबलात ते बरं केलंत. फिरवून झाल्यावर, म्हणजे शे-दोनशे मैलांनी, रेलच्या मागच्या टोकापाशी आणि फायरवॉलच्या वाकापाशी रंगाला केसाएवढी रेघ दिसते का ते टॉर्च लावून बघा.

बर्मिंगहॅमचा_बंड्या

ते सगळं ठीक. दार लागतंय का?

गॅरेजातला_गणू

उजवं एका बोटानं लागतं. डावं मी घेतली तेव्हापासून आपटावं लागायचं, ते तसंच आहे.